हाड की भिरूड

शेतकी खात्यात असताना मला कोणी नावाने ओळखत नसे. शहादे आणि तळोद्याच्या खेड्यांत मी ‘तारवाला’ होतो. खांद्यावर बारीक लोखंडी तारेचे वेटोळे, तारेच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा, हातात डांबराची बरणी आणि पिशवीत कापूस, अशा थाटात मी अमराया हिंडत असे. पण खेड्यात तार म्हणजे एकच. ती पोस्टातून येते आणि कोणी गेल्याशिवाय येत नाही. लोणखेड्यापलीकडच्या एका गावात माझ्या आधी माझे नाव पोहोचले. ज्या घरी जायचे होते तिथल्या म्हातारीचा मुलगा सुरतेच्या गिरणीत होता. ‘तारवाला उना’, म्हणजे आला, एवढे ऐकताच तिने हंबरडा फोडला, शेजारणी जमल्या, एकीने तर तिच्या कपाळाला पाणीही लावले. मी अंगणात शिरून विचारले, तुमचे आंबे कोणत्या अंगाला आहेत? म्हातारीने डोळे पुसले, मला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग ताक दिले.

माझे काम सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. आंब्याच्या खोडात एक अळी राहते. तिला भिरूड म्हणतात. लांब मिशांचा करडा भुंगा सालीला चीर पाडून आत अंडे घालतो. त्यातून निघालेली अळी लाकूड खात खात झाडाच्या पोटात बोगदा करते. ती मोठी झाली की अंगठ्याएवढी जाड होते, रंग पिवळट पांढरा, डोके तपकिरी आणि जबडा सुताराच्या पटाशीसारखा. ती आत किती काळ राहते ते झाड आणि तीच जाणे. बाहेर दिसतो तो फक्त बुंध्याशी पडलेला भुसा आणि सालीवरचे भोक. त्या भोकात तार घालायची, हलके हलके पुढे सरकवायची. तार लाकडाला लागली तर टक्क होते, भिरुडेला लागली तर ती किंचित आत रुतते. तो फरक बोटांना कळला की तार फिरवायची आणि ओढायची. मग डांबरात बुडवलेला कापूस भोकात कोंबून वरून शेणमातीने लिंपायचे. बस्स, एवढेच. धुळ्याच्या कचेरीला मात्र माझ्याकडून एकच गोष्ट हवी असे, किती भोके बुजवली. भोकाच्या आत काय चालले आहे हे मला एकाही वरिष्ठाने कधी विचारले नाही. मला तेवढेच जाणून घ्यायचे होते.

या कामात माणसेही नमुनेदार भेटत. नवापूरला एका निवृत्त स्टेशन मास्तरांनी मला खास बोलावून नेले. त्यांची खाट बोलते, अशी त्यांची तक्रार होती. सूनबाईंनी अंगारा लावून पाहिला होता. मी खाटेच्या पायाला कान लावला तर आत करकर चालू होती. लाकूड ओले असतानाच खाट घडवली आणि अळी आत राहून गेली. मी पाय चिरून तिला बाहेर काढले. मास्तरांनी ती बाटलीत घातली, दिवाणखान्यात ठेवली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘माझी भाडेकरीण’ म्हणून दाखवू लागले.

मी नंदुरबारचा. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एक छापखाना होता आणि माझे लिहिणेवाचणे पाठ्यपुस्तकांपेक्षा तिथल्या रद्दीवर झाले. दारूबंदीची पत्रके, खादीची पत्रके, अस्पृश्यतेविरुद्धची पत्रके, सावकारीविरुद्धची पत्रके. पंधराव्या वर्षी मी स्वतः पत्रके लिहू लागलो आणि जगातला प्रत्येक अन्याय एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून, संपवता येतो असे मला मनापासून वाटे. अजूनही थोडे वाटते. सरकारी नोकरी धरली ती घरच्यांनी पाठ धरली म्हणून, आणि सोडली ती का, तो वेगळा विषय आहे. इथे मला एका अमराईबद्दल लिहायचे आहे.

गोमाई नदीच्या काठी दौलत आबांची अमराई होती. दौलत आबा हे जुन्या घराण्यातले, मोठी शेती असलेले, हळू बोलणारे गृहस्थ. धाकटा भाऊ भिका तात्या हा गावात पुढे पुढे करणारा, आवाज चढवून बोलणारा. आबांची बायको सुंदरमाय घर चालवी आणि दोघा भावांनाही. या अमराईतली झाडे जुनी, भिरुडांनी पोखरलेली, म्हणून माझी तिथे नेहमीची फेरी असे.

अमराई दरवर्षी मोहोरावरच गफूरचाचांना दिली जाई. गफूरचाचा शहाद्याचे बागवान. झाडाला मोहोर आला की सौदा व्हायचा, आणि मग आंबा उतरेपर्यंत चाचा झाडाखाली झोपडी टाकून राखण करायचे. वानरे हाकलणे, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वेचणे, काठीला जाळी बांधलेल्या झेल्याने आंबा उतरवणे, पिकायला आढी लावणे हे सगळे त्यांचे. त्यांचे वडीलही याच झाडांखाली झोपले होते. मी गेलो की ते चुलीवर चहा ठेवीत आणि माझी तार भोकात असताना शेजारी उभे राहून मजा बघत. भिरूड बाहेर आली की म्हणत, आली सासुरवाशीण माहेरी.

खानदेशात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आंबा खात नाहीत. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे ठेवतात, पितर जेवले की मग घरातल्यांनी आंब्याला तोंड लावायचे. या गावात घागरीवरचे आंबे आबांच्या अमराईतले असत आणि ते घरोघर पोचवीत ते गफूरचाचाच. त्या आंब्यांची किंमत ते घेत नसत. त्यांच्या वडिलांपासून तसेच चालत आले होते.

त्या वर्षी चैत्रात मोठी वावटळ आली आणि अमराईतल्या सर्वांत थोरल्या झाडाची एक फांदी मोडून पडली. भिका तात्यांनी ती सरपणाला फोडायला लावली. कुऱ्हाड बसली आणि लाकडातून हाडे निघाली.

मला निरोप आला तेव्हा निरोप्याने हाच शब्द वापरला. मी जाऊन पाहिले. झाडाखाली एक गोणपाट पसरला होता आणि त्यावर पांढऱ्या, कडक, बोटभर लांबीच्या वस्तू ठेवल्या होत्या. प्रत्येकीला पेरे होती, माणसाच्या बोटाला असतात तशी. काही कुऱ्हाडीने तुटल्या होत्या. गोणपाटाभोवती माणसे लांब उभी होती, कोणी हात लावायला तयार नव्हते. लहान मुलाची बोटे कोणी खडूच्या भुकटीत घोळून ठेवावीत तशी ती दिसत होती.

गावाने तोवर पुढचा हिशेब मांडून टाकला होता. हाड झाडात आपोआप उगवत नाही, म्हणजे कोणी तरी ठेवले. फांदीवर गोल भोके होती, सुताराच्या गिरमिटाने पाडावी तशी गुळगुळीत. गफूरचाचांचा मेव्हणा शहाद्यात सुतार. चाचा महिनोन्महिने झाडाखाली राहतात. झाड वाळले तर लाकूड स्वस्तात मिळेल. आणि याच झाडाचा आंबा पितरांच्या घागरीवर जातो. एकेक गोष्ट खरी होती. भुंगा बाहेर पडताना भोक खरेच गिरमिटासारखे गोल पाडतो, मेव्हणा खरेच सुतार होता. सगळ्या खऱ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवून एक धडधडीत खोटे तयार झाले होते.

त्यात भिका तात्यांच्या खिशात एक पत्रक होते. कोणी बाजारात वाटलेले. अमक्या जातीच्या लोकांपासून आपली देवळे, विहिरी आणि झाडे सांभाळा, अशा मजकुराचे. मी ते वाचले. खाली छापणाऱ्याचे नावही नव्हते. तात्यांना तसे म्हटले तर ते म्हणाले, “छापेल शे भाऊ. छापेल खोटं कसं ऱ्हाई?”

छापखान्यामागे वाढलेला मी. उलटी अक्षरे जुळवणाऱ्याच्या हातून ‘दान’चे ‘दाव’ झालेले मी पाहिले होते, आणि पैसे मिळाले की काय काय छापले जाते तेही. पण माझी स्वतःची पत्रके लोकांनी याच विश्वासाने वाचावीत अशी माझी इच्छा होती. छापलेले आहे म्हणून खरे.

गफूरचाचांना अमराईत पाय ठेवू नका असे सांगण्यात आले होते. ते बांधाबाहेर, नदीच्या वाटेवर, आपले बोचके घेऊन बसले होते. झाडांवर आंबा भरत आला होता. बातमी शहाद्याला पोचली होती आणि ज्या दुसऱ्या अमराया त्यांच्याकडे होत्या तिथले मालकही आता कुरकुरू लागले होते. झाडाखालची जागा गेली तर बागवानाजवळ काही उरत नाही. दुकान, शेत, काही नसते. असतो तो फक्त भरवसा, की हा माणूस रात्रंदिवस आपल्या झाडाखाली राहिला तरी चालेल.

मी गोणपाटावरची एक वस्तू उचलली. लोक मागे सरकले. ती वजनाला हलकी होती. मी ती मोडली, कटकन मोडली. आत सुक्या खोबऱ्यासारखे काही तरी होते. हाडात पोकळी असते, इथे नव्हती. दुसरी उचलली, तिसरी उचलली आणि एका न तुटलेल्या तुकड्याच्या टोकाला पांढऱ्या पुडीखाली मला एक तपकिरी ठिपका दिसला. नखाने खरवडला. डोके होते. डोक्याला जबडा होता.

मी म्हणालो, ही भिरूड आहे. मेलेली भिरूड.

भिका तात्या पुढे आले. “हाऊ किडा शे ना, मंग सडना काबर नही? मुंग्या काबर नही लागन्यात? किडा मरस तं त्याना दगड व्हस का?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मला येत नव्हते. मी आजवर शेकडो भिरुडा ओढून काढल्या होत्या. मेलेली भिरूड काळी पडते, पाणी सुटते, घाण येते, हे मला ठाऊक होते. ही मात्र न कुजता खडू झाली होती. खात्याच्या एका पुस्तिकेत मी वाचले होते की रेशमाच्या किड्यांना एक रोग होतो, त्यात किडा चुन्यासारखा पांढरा आणि कडक होऊन मरतो, आणि तो रोग बुरशीचा असतो. पावसाळ्यात भाकरीवर येते त्याच जातीतली बुरशी, पण जिवंत किड्यावर उगवणारी. तसेच काही भिरुडेला होत असेल, असे मी म्हणालो. ‘असेल’ हा शब्द ऐकताच तात्या हसले. म्हणाले, तू त्याच्या चुलीवरचा चहा पितोस, तू असेच म्हणणार.

तेव्हा मी पैज लावल्यासारखे बोलून गेलो. फांदीच्या ओल्या भागात जिवंत भिरुडा आहेत. त्यांना ही पांढरी पूड लावतो. त्याही अशाच झाल्या तर मानाल?

दौलत आबा म्हणाले, आखाजीच्या आत दाखव. तात्यांनी अट घातली की हे सगळे त्यांच्या घरात व्हायला हवे, आणि एकदा पूड लावून झाली की बाहेरच्या कोणाचा हात लागता कामा नये. माझाही नाही. मी तयार झालो.

पहिला प्रयोग पार फसला. मी दोन धडधाकट भिरुडा पूड लावून माझ्याच पत्र्याच्या डब्यात, भुशात घालून, आबांच्या ओट्यावर ठेवून गेलो. परत आलो तेव्हा एकीने दुसरी फाडून टाकली होती आणि उरलेली उन्हाने तापलेल्या पत्र्यात काळी पडून सडली होती. वासाने ओटा भरला होता. भिका तात्यांनी गावाला बोलावून वास दिला. किडा कसा मरतो ते तारवाल्यानेच दाखवले, असे ते चारचौघांत सांगू लागले. गफूरचाचांचे बोचके त्या दिवशी नदीच्या वाटेवरून हलले आणि शहाद्याला गेले.

मी खात्याच्या वरिष्ठांना सगळे कळवले. उत्तर आले की मेलेली भिरूड हा बंदोबस्त झालेला विषय आहे, भोके बुजवण्याचे काम मागे पडले आहे तिकडे लक्ष द्यावे. हे वाचून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. एक किडा झाडाच्या पोटात, अंधारात, आपल्याहून लक्षपटीने बारीक अशा कशाने तरी खडू होतो आणि खात्याला त्याचे कुतूहलही नाही! मी भोके तशीच ठेवली आणि आबांच्या घरी गेलो.

या खेपेला सुंदरमायने सूत्रे हातात घेतली. पहिल्यांदा तिने हाडे घरात आणायला साफ नकार दिला होता. आता म्हणाली की पुरुषांनी डब्यात कोंबून उन्हात ठेवले तर किडाच काय, माणूसही सडेल. तिने संक्रांतीची उरलेली सुगडी काढली. मी फांदी फोडून जिवंत भिरुडा दिल्या. प्रत्येक सुगडात एकच भिरूड, सोबत ओला आंब्याचा भुसा, तोंडाला फडके. निम्म्या भिरुडांना मी पांढरी पूड चोळली, निम्म्या तशाच ठेवल्या, म्हणजे पूड लावल्याने काय होते ते कळेल. पूडवाल्या सुगडांना तिने काजळाचे बोट लावले, बिनपूडवाल्यांना हळदीचे. आणि सगळी सुगडी मागच्या पडवीत, रांजणाच्या पाझराशी, गार ओलीत मांडली. त्यानंतर मी हात लावायचा नाही, फक्त उंबऱ्यातून पाहायचे, असे ठरले. तात्यांनी स्वतः पडवीच्या दाराला कुलूप घातले. किल्ली सुंदरमायच्या कनवटीला.

मी एक दिवसाआड जाई. उंबऱ्यात बसे आणि सुंदरमाय आतून बातमी देई. तिला त्या अळ्यांची गोडी लागली होती. कोण किती खाते, कोण जास्त करकरते, कोणाचा भुसा बारीक पडतो. हळदीवाल्यांतली एक तिला फार आवडे, तिला ती कुंभकर्ण म्हणे. मग काजळवाल्यांची करकर कमी झाली. एके दिवशी ती म्हणाली की त्यांनी खाणे सोडले, आळशी झाल्या. पुढच्या खेपेस त्या मऊ पडल्या होत्या, हात लावला तर हलत नव्हत्या. कुजणार असतील तर आता वास सुटेल. मी विचारले, वास येतो? ती म्हणाली, “मरेल मानूस बी इतला शहाना नही ऱ्हास. ना वास, ना पानी.”

मग एका सकाळी तिने एक सुगड उचलून उंबऱ्यापर्यंत आणले आणि माझ्यासमोर धरले. अळीच्या पेरांच्या सांध्यांतून, जिथे कातडे पातळ असते तिथून, पांढरे तंतू फुटले होते. कापूस पिंजल्यासारखे. मी खिशातले भिंग काढले आणि आम्ही दोघांनी आळीपाळीने पाहिले. तिला ते दवासारखे दिसले. मला एका रानासारखे, इतके दाट. दोन दिवसांत त्या तंतूंवर पूड धरली आणि भिरूड वरून खालपर्यंत पांढरी झाली. बोटाने टोचली तर कडक.

हे कसे होते, ते मी पुढे पुण्याच्या एका जाणकारांना विचारून घेतले, ते इथेच सांगतो. ती पूड म्हणजे त्या बुरशीचे बी. इतके हलके की वाऱ्यावर जाते, भुंग्याच्या पायाला चिकटून जाते. ते किड्याच्या अंगावर पडते आणि ओल मिळाली की रुजते. किड्याने ते खावे लागत नाही. ते बाहेरूनच कातडे भेदून आत शिरते, जसे भिरूड सालीतून शिरते अगदी तसे. मग किड्याच्या रक्तात वाढते, तो जिवंत असतानाच त्याला आतून खाते. लाकूड खाणाऱ्याला कोणी तरी तसेच पोखरत असते. सगळे आतून भरले की किडा मरतो, पण बुरशीने आत दुसऱ्या कशाला जागाच ठेवलेली नसते, म्हणून तो कुजत नाही. शेवटी ती बाहेर येते आणि नवे बी पसरते. कोरडे पडले की उरतो तो खडू, वर्षानुवर्षे तसाच. थोरल्या आंब्यातल्या त्या भिरुडा मागच्या पावसाळ्यात अशाच मेल्या होत्या. आम्ही डांबर कोंबून जे करत होतो ते झाडाच्या पोटात कोणी तरी न सांगता करत होते. मला तेव्हा एवढे काही ठाऊक नव्हते. मला एवढेच दिसत होते की हाड माझ्या डोळ्यांदेखत तयार होत आहे.

पण गोष्ट सरळ संपली नाही. आखाजी अगदी जवळ आली तेव्हा आबांनी भाऊबंदांना बोलावले, पडवीचे दार उघडले आणि सुगडी मधल्या घरात आणली. काजळवाली सगळी पांढरी. लोक वाकून पाहू लागले. हळदीवाली उघडली तर कुंभकर्ण जिवंत होती, भुसा पाडत होती. दुसऱ्या हळदीच्या सुगडात मात्र भिरूड मरून पांढरी झालेली होती.

या अळीला मी पूड लावलीच नव्हती. भिका तात्यांनी नेमके ते धरले. म्हणाले, बघा, पूड न लावताही हाड झाले, म्हणजे पुडीची गोष्ट खोटी. लोकांत चुळबूळ सुरू झाली. मी ओल, वारा, बी असे काही सांगू लागलो, पण माझेच मला पटत नव्हते.

सुंदरमाय चुलीपासून उठून आली. तिने आपले दोन्ही हात पुढे केले आणि आधी माझ्याशी बोलली. रोज सकाळी ती आधी काजळवाली सुगडी पाहत असे, त्याच हातांनी मग हळदीवाली. कुंभकर्णाचे तेवढे सर्वांत आधी पाहत असे, लाडकी म्हणून. रोग तिच्याच हाताने गेला होता. मग ती दिराकडे वळली.

“तात्या, ह्या घरमा गफूर उना नही. तारवाला उना नही. हात फक्त मन्हा लागना. आते मन्हं नाव ल्या. म्हना, हाड मी ठेवं.”

तात्या सुगडाकडे पाहत राहिले. दौलत आबांनी ते पांढरे सुगड उचलले, आतली भिरूड तळहातावर घेतली, मोडली, वास घेतला, आणि जमलेल्यांपैकी एकेकाच्या हातात तुकडा दिला. ज्या हाडांना कोणी शिवत नव्हते ती त्या दिवशी गावभर हातोहात फिरली. मला वाटले, झाले. मी आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही पत्रकाने एवढे काम केले नव्हते. हे सांगताना अजूनही छाती थोडी फुगते.

त्याच दुपारी आबांनी शहाद्याला गाडी पाठवली आणि गफूरचाचा आले. आखाजीच्या आदल्या दिवशी ते नेहमीप्रमाणे थोरल्या आंब्यावर चढले. झेला भरून भरून खाली येत होता आणि खाली तो रिकामा करायला भिका तात्या उभे होते. माफी वगैरे शब्द तात्यांच्या तोंडी कधी नव्हता. पण एकही आंबा त्यांनी जमिनीला लागू दिला नाही. चाचांनी टोपली डोक्यावर घेतली आणि घरोघर घागरीचे आंबे पोचवले. कोणी परत पाठवले नाहीत.

मग ते अमराईत परतले आणि झोपडी सोडू लागले. बांबू उपसले, तट्ट्या गुंडाळल्या. अजून झाडांवर आंबा होता. आबांनी विचारले, हे काय चालवलेस? चाचा म्हणाले, उरलेला आंबा तुम्ही उतरवा, मला काही नको. मी मध्ये पडलो. सगळे सिद्ध झाले आहे, गावाने डोळ्यांनी पाहिले आहे, आता कोणाच्या मनात काही नाही, असे मी सांगू लागलो.

चाचांनी ऐकून घेतले. “तू चांगलं कयं भाऊ,” ते म्हणाले. “पन किडा पांढरा नही पडता तं?”

मी म्हणालो, मग दुसरा ठेवला असता. ते हसले, मनापासून, जसे तार भोकात असताना हसत. मग त्यांनी बोचक्याची गाठ मारली आणि आबांकडे पाहिले.

“आबा, किडाले तुम्हीन थोडाच दिन देखं, नि त्याना वर भरोसा कया. माले कितला वरीस पासून देखी ऱ्हायनात?”

चाचा त्यांना रामराम घालून निघाले. नदी उतरून पलीकडे जाईपर्यंत आम्ही पाहत होतो.

पुढच्या वर्षी मोहोर आला तेव्हा आबा स्वतः शहाद्याला गेले. परत येताना वाटेत मला भेटले, त्यांनीच सांगितले. गफूरचाचांनी चहा पाजला, सुंदरमायची चौकशी केली, कुंभकर्णाचे पुढे काय झाले ते विचारले. तिचा भुंगा होऊन उडाला, हे ऐकून त्यांना गंमत वाटली. अमराईचा विषय त्यांनी काढला नाही आणि आबांच्याने निघाला नाही.

दुसरे बागवान आले, चांगला भाव घेऊन आले. आबांनी कोणालाच अमराई दिली नाही. झोपडीच्या जागेवर भिका तात्या बाज टाकून बसू लागले. वानरे हाकलत, कैऱ्या वेचत, उन्हातान्हात तिथेच. शहाद्याच्या बाजाराला जाणारा कोणी ना कोणी वाटेवरून हाक मारून बागवान कुठे गेला ते विचारी, “तात्या, बागवान कथा गया?”

तात्या वर न पाहता, तो उद्याच येणार असल्यासारखे म्हणत, “येई.”